साइड संपेपर्यंत

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर नाना राहत. त्यांच्या दिवाणखान्याची एक भिंत जमिनीपासून छतापर्यंत संगीतानं भरलेली होती. वरच्या फळ्यांवर कॅसेट, मध्ये सीडी आणि खाली, वजन पेलेल अशा जाड कप्प्यांत, एलपी. ठाण्याच्या पावसाळ्यात कागदी कव्हरांना बुरशी धरते, म्हणून प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या असत आणि गणपती झाले की एकेक तबकडी बाहेर काढून पुसण्याचा कार्यक्रम चाले. बँकेतली नोकरी, बदल्या, मुलाचं शिक्षण, सगळं सांभाळून नानांनी हा संग्रह उभा केला होता. आल्यागेल्याला तो दाखवताना त्यांचा आवाज थोडा खाली यायचा, देवघर दाखवताना येतो तसा.

सुरुवात झाली १९८० च्या मार्चमध्ये. धोबी तलावच्या रंगभवनात 'द पोलीस' हा इंग्रजी बँड वाजवायला आला होता. नाना तेव्हा सतरा वर्षांचे. शेजारच्या दादानं तिकीट काढून दिलं म्हणून गेले. बँडचं नावही त्यांनी धड ऐकलेलं नव्हतं, आणि ते साहजिकच होतं, कारण तो बँड निघूनच जेमतेम तीन वर्षं झाली होती. उघड्या आभाळाखाली तीन माणसं वाजवत होती आणि त्या तिघांच्या मधल्या मोकळ्या जागाही नानांना ऐकू येत होत्या. घरी परतताना शेवटची लोकल चुकली. आजचं सीएसएमटी तेव्हा व्हीटी होतं. त्याच फलाटावर पहाटेपर्यंत बसून त्यांनी ठरवलं की हे संगीत आपल्याला हवं.

हवं म्हणजे काय, ते आज समजावून सांगणं अवघड आहे. पगार सुरू झाल्यावरही महिन्याला एकच नवी रेकॉर्ड परवडायची. काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये घेण्याआधी ऐकायची सोय होती, पण मागे माणसं खोळंबलेली, त्यामुळे किती ऐकणार? बरंचसं कव्हर बघून आणि कुणाच्या तरी शब्दावर विसंबून घ्यायचं. बाकीचं उधारीवर. मित्राची एलपी एका रात्रीपुरती मिळायची, सकाळी परत द्यायची, म्हणून रात्रीच कोरी कॅसेट लावून भरून घ्यायची. रील अडकली तर पेन्सिल घालून फिरवायची, डेकचं हेड स्पिरिटनं पुसायचं. इतकं करून हाती आलेली रेकॉर्ड आवडली नाही, तर? तरी तीच ऐकायची. पुढच्या पगारापर्यंत दुसरी नव्हतीच. आणि ऐकता ऐकता तिच्यात शिरायला वाट सापडायची. नानांच्या आवडत्या रेकॉर्डपैकी कितीतरी अशा होत्या, ज्यांनी पहिल्या आठवड्यात त्यांना दारातही उभं केलं नव्हतं.

यातूनच रविवारच्या बैठकीचा नियम तयार झाला. पाचसहा मित्र जमायचे, ज्याची पाळी असेल त्यानं रेकॉर्ड आणायची, आणि साइड संपेपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही. मत द्यायचं ते नंतर. मग तासन् तास भांडा. १९८६ साली रंगभवनातच 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला, तेव्हा ही सगळी टोळी तिथं होती. 'रॉक मशीन' या बँडमध्ये महेश तिनईकर गिटार वाजवायचे. मराठी आडनावाचा माणूस त्या मंचावर दिसला की टोळीची छाती फुगायची. १९८८ मध्ये त्या बँडची पहिली कॅसेट आली, तिच्या नानांकडे दोन प्रती होत्या. एक ऐकायला, एक जपायला.

पुढे काय झालं, ते एका दिवसात झालं नाही. जबाबदाऱ्या वाढल्या, संध्याकाळी उशीर होऊ लागला, मित्र पांगले. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, तेव्हा नानांनी कॅसेटवरची आवडती गाणी सीडीवर घेतली. मग त्याच सीडी 'सुधारित आवृत्ती' म्हणून आल्या, त्या घेतल्या. मग एलपीचे दिवस परत आले, त्याही घेतल्या. पिंक फ्लॉइडची 'डार्क साइड ऑफ द मून', जी मुळात १९७३ ची, ती नानांकडे पाच रूपांत होती. २०१६ मध्ये रिदम हाउस बंद झालं. शेवटच्या दिवसांत नाना तिथं गेले, रिकाम्या होत चाललेल्या फळ्यांसमोर बराच वेळ उभे राहिले आणि डीप पर्पलची एक सीडी घेऊन आले. ती त्यांच्याकडे आधीपासून होती. घरी येऊन ते बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणाले, "आता संपलं. पूर्वीसारखं संगीत आता होत नाही." भिंत भरतच होती, म्हणून हे वाक्य खोटं आहे असं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डरनं मुदत दिली. दोनतीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची होती. एवढं सामान हलवायचं तर यादी हवी. नानांच्या धाकट्या भावाची मुलगी, जिला चोविसाव्या वर्षीही घरात चिऊच म्हणतात, शनिवारी लॅपटॉप घेऊन येऊ लागली. नाना नाव सांगत, ती टाइप करी: कलाकार, रेकॉर्ड, साल, कॅसेट की सीडी की एलपी. काम संपल्यावर तिनं सगळी यादी सालानुसार लावली.

"नानाकाका, तुझ्याकडचा सगळ्यात नवा बँड कोणता, सांग बघू."

नानांनी थोडा विचार केला. "पर्ल जॅम असेल. अगदी परवाचा."

"त्यांची पहिली रेकॉर्ड १९९१ ची आहे. माझा जन्मही झाला नव्हता. त्यानंतर तू शेकड्यांनी घेतलंयस, पण सगळं आधीच्याच लोकांचं. बरंचसं तर तेच ते."

"त्यानंतर ऐकण्यासारखं काही झालं नाही, त्याला मी काय करू?"

"ऐकलंस?"

नाना गप्प बसले. चिऊ हट्टी. तिनं फोन काढला आणि नानांना आवडेल असं शोधून लावलं: मिशिगनच्या पोरांचा ग्रेटा व्हॅन फ्लीट, ज्यांच्या गायकाचा आवाज थेट लेड झेपेलिनच्या रॉबर्ट प्लांटच्या वळणाचा. नाना म्हणाले, "नक्कल आहे. अस्सल माझ्या कपाटात आहे, मी नकलेचं काय करू?" इथं नानांचं बरोबर होतं, असं मला वाटतं. नव्यात जुन्याचाच चेहरा शोधत गेलं, तर जुनंच सरस ठरणार. पण चिऊनं पुढचं लावलं, डब्लिनचा फाँटेन्स डी. सी. "हा गातोय कुठे? नुसता बोलतोय." दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी. "लग्नाच्या पार्टीतला बँड." दिल्लीचाच ब्लडीवूड. "आवाज कमी कर." पुण्याचा ईझी वाँडरलिंग्ज. "गोड आहे. पुढे?" एकेका गाण्याला अर्धा मिनिटही मिळालं नाही.

आता पाळी नानांची. त्यांनी खालच्या कप्प्यातून 'येस' या बँडची १९७२ ची 'क्लोज टू द एज' काढली. तबकडी दोन्ही हातांनी कडेला धरून प्लेयरवर ठेवली, सुई टेकवली. त्या रेकॉर्डची पहिली साइड म्हणजे एकच गाणं, अठरा मिनिटांचं. सुरुवातीला पाखरांचा, पाण्याचा आवाज, मग एकाएकी सगळी वाद्यं एकमेकांवर तुटून पडतात. दुसऱ्या मिनिटाला चिऊचा हात फोनकडे गेला. तिसऱ्या मिनिटाला ती म्हणाली, "हे पुढे ढकलता येतं का? मूळ गाणं कुठून सुरू होतं?"

नाना ताडकन उठले. "तुम्हा पोरांना धीरच नाही! हजार गाणी खिशात घेऊन फिरता आणि एक पूर्ण ऐकत नाही."

"आणि तू? तू माझी पाच गाणी दोन मिनिटांत उडवलीस."

काकू आत मेथी निवडत होत्या. त्या बाहेर आल्या आणि सुई उचलून बाजूला ठेवली. काकूंनी कधी त्या प्लेयरला हात लावल्याचं नानांना आठवत नव्हतं.

"अहो, लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्या रविवारी तुमच्या मित्रांना चहा विचारायला बाहेर आले होते. तुम्ही तोंडावर बोट ठेवून मला परत आत पाठवलंत. साइड संपायची आहे म्हणालात. मी दारात उभी राहिले, साइड संपेपर्यंत. काही कळलं नाही, पण उभी राहिले. तो नियम कोणासाठी होता? बायकोपुरताच?"

नानांना उत्तर सुचलं नाही. काकू चिऊकडे वळल्या. "आणि तू गं. तो माणूस एवढ्या मायेनं काहीतरी दाखवतोय आणि तुझं लक्ष त्या फोनात." मग दोघांना मिळून सांगितलं: आठवड्याला एक साइड त्याची, एक तिची. पूर्ण. मध्ये बोलणं नाही, फोन नाही. आवडलं नाही तरी पुढच्या आठवड्यात तीच पुन्हा. मत तिसऱ्या आठवड्यात.

चिऊनं तिच्या पाळीसाठी एक गोष्ट केली, जी मला महत्त्वाची वाटते. तिनं फोनवरून काही लावलं नाही. पगारातून पैसे काढून परदेशातून एलपी मागवली आणि ती येईपर्यंत वाट पाहिली. चांगलीच महाग होती. एकदा एवढे पैसे घातल्यावर तिलाही ती नीट ऐकावीच लागणार होती. रेकॉर्ड होती 'आफ्रिक व्हिक्टिम', २०२१ ची. बँड एम्दू मोक्तार, नायजर देशातला, त्याच नावाच्या गिटारवाल्याचा. तो तुआरेग, सहाराच्या वाळवंटातला माणूस. डावखुरा. पहिली गिटार त्यानं स्वतः बनवली होती आणि तिला तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या वायर लावल्या होत्या.

पहिला रविवार. साइड संपली. नानांनी नियम पाळला, पण चेहरा सांगत होता. गाणी एकमेकांसारखीच वाटली होती, भाषा तामाशेक, एक शब्द कळत नव्हता, आणि बोटानं खुर्चीच्या हातावर ताल धरायला गेले की सम हातातून निसटत होती. चिऊनंही 'येस'ची साइड पूर्ण ऐकली. तिला त्यातलं एवढंच सांगता आलं की मध्येच कुठंतरी सगळं थांबतं आणि चर्चमध्ये असतो तसा मोठा ऑर्गन वाजतो.

दुसऱ्या रविवारी नानांनी कव्हर हातात घेतलं आणि चिऊला एक प्रश्न विचारला. "हे आपल्यापर्यंत आलं कसं? तिथं कसल्या कंपन्या, कसली दुकानं?"

माझ्या मते नानांचा संग्रह त्या प्रश्नापाशी पुन्हा जिवंत झाला. आवडायच्या आधी माणूस असं काहीतरी विचारू लागतो. चिऊनं तिला ठाऊक होतं ते सांगितलं. या माणसाची सुरुवातीची गाणी सहाराच्या आसपासच्या गावांत पसरली ती मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून. बाजारात भेटले की एकमेकांच्या फोनमध्ये गाणी भरायची, बसमधून पुढच्या गावी न्यायची. त्याच्या आधीच्या पिढीतला 'तिनारिवेन' हा तुआरेग बँड तर कोरी कॅसेट घेऊन येणाऱ्या कुणालाही आपली गाणी फुकट भरून द्यायचा, आणि त्या कॅसेटच्या नकला वाळवंटभर फिरायच्या. नाना ऐकत राहिले. टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट, मित्राची एका रात्रीची एलपी, सकाळची पहिली लोकल: हे सगळं कुणीतरी हजारो मैलांवर, उंटांच्या आणि ट्रकांच्या वाटेवर करत होतं. चिऊनं आणखी एक सांगितलं. २०१५ मध्ये याच एम्दू मोक्तारनं एका चित्रपटात काम केलं, आणि तो चित्रपट म्हणजे प्रिन्सच्या 'पर्पल रेन'ला तुआरेग मुलखातून केलेला नमस्कार होता. नाना उठले, कपाटातून १९८४ ची 'पर्पल रेन' काढली आणि दोन्ही कव्हरं टेबलावर शेजारी ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात दुसरी साइड लागली. रेकॉर्डचं नावगाणं त्या साइडवर आहे. आफ्रिकेची जी लूट झाली तिच्याबद्दलचं ते गाणं, सात मिनिटांच्या आसपासचं. सुरुवात ठाय लयीत होते, आणि मग लय चढत जाते, गिटार शब्दांना मागे टाकून धावू लागते, ढोल तिचा पाठलाग करतो. नानांच्या बोटाला सम सापडली होती. गाणं संपलं तरी ते बोट थांबलं नाही. मत द्यायची वेळ आली तेव्हा नाना म्हणाले, "हे आमच्या वेळी आलं असतं तर मी पगार घातला असता." मग स्वतःशीच थांबले आणि म्हणाले, "आताही घालता येईल."

इथं मला रॉबर्ट प्लांटबद्दल थोडं सांगायचं आहे, कारण नानांच्या संग्रहातला तो सर्वांत मोठा देव. १९७५ च्या 'फिजिकल ग्राफिटी'वर झेपेलिनचं 'काश्मीर' हे गाणं आहे. नाव काश्मीरचं, पण त्याचे शब्द प्लांटला सुचले ते दक्षिण मोरोक्कोत, वाळवंटातल्या सरळसोट रस्त्यावरून गाडीनं जाताना. त्याआधी, १९७२ मध्ये, तो आणि जिमी पेज मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेले होते. २००३ च्या जानेवारीत, पन्नाशी उलटल्यावर, हाच प्लांट मालीमध्ये टिंबक्टूजवळच्या एसाकानेला गेला, वाळवंटातल्या महोत्सवात तुआरेग वादकांसोबत बसायला. २००७ मध्ये झेपेलिनची एक मैफल लंडनला झाली. जगानं दौऱ्याची वाट पाहिली, पैशाला तोटा नव्हता, पण तो गेला नाही. त्याच वर्षी ॲलिसन क्राउस या ब्लूग्रास गायिकेबरोबरची त्याची रेकॉर्ड आली. ज्याची १९७१ सालची मूर्ती नानांनी भिंतीत बसवली होती, तो स्वतः कधीच तिथं थांबला नव्हता.

हे नानांना चिऊनं नाही, एका जुन्या पुस्तकानं सांगितलं. ते पुस्तक त्यांच्याच कपाटात होतं. त्या रात्री त्यांनी 'काश्मीर' लावलं. शेकडो वेळा ऐकलेलं गाणं. पण आता त्यात वाळू होती. तो एकाच पावलानं चालत राहणारा ताल कुठल्या प्रदेशात चालतोय, हे त्यांना प्रथमच दिसत होतं. नव्या रेकॉर्डनं त्यांची जुनी रेकॉर्ड त्यांना परत दिली, आणि ती पाचव्या आवृत्तीनं कधी दिली नसती.

चिऊचंही काही झालं. ऑर्गनचा तो भाग ऐकायला ती नियमाबाहेर एकदा आली. मग ऑर्गनच्या आधीचा भाग, मग त्याच्या आधीचा. आता तिला अठरा मिनिटं लहान वाटतात, असं ती म्हणते. कामाला जाताना ऐरोलीच्या बसमध्ये ती एकच रेकॉर्ड आठवडाभर ऐकते. मैत्रिणी विचारतात, कंटाळा येत नाही? बुधवारपर्यंत येतो, ती सांगते, मग जातो.

सगळंच जमलं असं नाही. पीटर कॅटची २०१९ ची 'बिस्मिल्लाह' दोन आठवड्यांत नानांना इतकी आवडली की ते पहाटे ती गुणगुणू लागले, पण फाँटेन्स डी. सी. तीन आठवडे ऐकूनही नाहीच आवडला. नानांनी ते स्वच्छ सांगितलं, आणि चिऊनं मान्य केलं, कारण पूर्ण ऐकून दिलेलं 'नाही' तिला मान्य होतं. जुने दोन मित्र परत येऊ लागले. तिसरा आला, अर्ध्या साइडला उठला आणि गेला; तो पुन्हा आलेला नाही. नानांना त्याचं वाईट वाटतं.

घर हलवायची वेळ आली. 'डार्क साइड ऑफ द मून'च्या पाचांपैकी एक एलपी नानांनी ठेवली. बाकीच्या चार आणि अशाच कितीतरी दुहेरी-तिहेरी प्रती चिऊच्या मित्रमैत्रिणींना दिल्या, पण एका अटीवर: ज्यानं जुनी नेली त्यानं एका रविवारी येऊन नवी ऐकवायची. भाड्याचं घर लहान, तरी त्या रविवारी बसायला जागा पुरली नाही. फोनवरच्या गाण्यांना साइड नसते, म्हणून वीस मिनिटं म्हणजे एक साइड असं सर्वांनी ठरवलं.

परवाच्या बैठकीत रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका मित्राची पाळी होती. त्याच्या सुनेनं त्याला 'अभंग रिपोस्ट' ऐकवला होता, संतांचे अभंग गिटार, बास आणि ड्रम्सवर गाणारा मुंबईतल्या तरुणांचा बँड. वीस मिनिटं झाली आणि घरात आग लागली. एकजण म्हणाला, तुकोबांना बासची गरज नाही. दुसरा म्हणाला, तुकोबांना वीणेची तरी होती का, गरज आपल्याला असते. काकू भजनी मंडळात वीस वर्षं गातात, म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, शब्द स्वच्छ लागतात, मंडळातल्या निम्म्या बायकांपेक्षा स्वच्छ. पण एका ठिकाणी घाई केली आहे, तिथं नामावर थांबायला हवं होतं. मत देऊन त्या पुन्हा खाली बसल्या. आता त्या दारात उभ्या राहत नाहीत.

चिऊनं यादीत नवी ओळ उघडली आणि सालाच्या रकान्यापाशी अडली. ध्वनिमुद्रणाचं साल लिहायचं की अभंगाचं शतक? त्यावर पुन्हा वाद सुरू झाला. नाना म्हणत होते ध्वनिमुद्रणाचं, रेल्वेवाले म्हणत होते सतरावं शतक.

"दोन्ही लिही," काकू म्हणाल्या, "आणि पहिला अभंग परत लाव. तुमच्या खुर्च्या सरकवण्यात दुसरा चरण मला ऐकू आला नाही."